पडद्याच्या मागून पाहिलेलं युद्ध

आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत दोन रात्री सिनेमा असायचा. चौकात दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचा, सोळा एमएमचं मशीन शाळेतून आणलेल्या टेबलावर ठेवायचं आणि आरती आटोपली की गल्लीतले दिवे घालवायचे. पुढे बायका, म्हातारी माणसं आणि मंडळाचे कार्यकर्ते. जागा न मिळालेली आम्ही पोरं पडद्याच्या मागे. मागून सिनेमा उलटा दिसायचा. नावं वाचता यायची नाहीत आणि पडद्यावरचे सगळे सैनिक डावखुरे वाटायचे. चेतन आनंद यांचा 'हकीकत' मी पहिल्यांदा पाहिला तो असा, मागून.

माझे थोरले चुलते त्या रात्री पुढे बसले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून ते निवृत्त झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, एवढंच आम्हाला ठाऊक. लढाईचा विषय ते स्वतःहून कधी काढत नसत. सिनेमा संपल्यावर घरी येताना मी विचारलं, "आबा, खरं असंच असतंय काय?"

ते म्हणाले, "थंडी तेवढी खरी दाखवलीया. गाणीबिणी सोड." चार पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि वाट बघणं. ते पण खरं हाय."

त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत मी युद्धपट पुष्कळ पाहिले. बेळगावच्या कॅम्पातल्या थिएटरांत पाहिले, व्हिडिओ कॅसेटवर पाहिले, आता नातू मोबाइलवर लावून देतो. प्रत्येक वेळी नकळत आबांची तीच दोन मापं लावून बघतो: थंडी खरी आहे का, आणि वाट बघणं खरं आहे का? तिसरं माप माझं स्वतःचं आहे, ते शेवटी सांगतो.

आपल्याकडचा आरंभ

युद्धपट म्हटलं की आपल्याला हॉलिवूड आठवतं. पण बेळगावहून दोन-तीन तासांवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्येच 'सिंहगड' काढला होता. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा हा मूकपट. पेंटर हाडाचे चित्रकार, आणि छायाचित्रणाचा कॅमेराही त्यांच्या मंडळींनी स्वतः घडवलेला. या चित्रपटात शेलारमामाच्या भूमिकेत एक तरुण होता, त्याचं नाव व्ही. शांताराम. पुढे शांतारामबापूंनी प्रभात कंपनीसाठी १९३३ मध्ये 'सिंहगड' पुन्हा, बोलपट म्हणून काढला.

मधल्या काळात एक मोठी बोलकी गोष्ट घडली. १९३० साली प्रभातने शिवाजी महाराजांवर मूकपट तयार केला, नाव ठेवलं 'स्वराज्याचं तोरण'. सरकारी सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. 'स्वराज्य' हा शब्दच चालेना. शेवटी काटछाट करून, नाव बदलून तो 'उदयकाल' म्हणून पडद्यावर आला. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया दाखवणाऱ्या चित्रपटाला सरकार का घाबरतं? कारण युद्धपट कुठल्याही काळातला असला तरी तो पाहणारा आजचा असतो. १९३० साल हे मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं, हे लक्षात घेतलं की सारं उलगडतं.

या जुन्या चित्रपटांचा पिंड पोवाड्याचा. त्यात वीर आहे, गड आहे, बलिदान आहे. आबांची थंडी त्यात शोधायला जाऊ नये, पोवाड्याचं ते कामच नव्हे. तरीही बेळगावकरांना एक धागा माहीत असायला हवा. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० रोजी, आणि मराठा लाइट इन्फन्ट्री आपला 'मराठा दिन' पाळते तो ४ फेब्रुवारीलाच. ज्यांचं रेजिमेंटल सेंटर आपल्या गावात आहे, त्यांच्या सैनिकी दिनदर्शिकेत सिंहगड असा कायमचा बसला आहे.

ज्या चित्रपटाला उंदीर सोडावे लागले

पेंटरांच्या 'सिंहगडा'नंतर सातच वर्षांनी, 'उदयकाल'च्याच साली, अमेरिकेत लुइस माइलस्टोन यांनी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' काढला. एरिक मारिया रेमार्क यांची कादंबरी नुकतीच, १९२९ मध्ये, पुस्तकरूपाने आली होती. गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांची. वर्गातले मास्तर देशभक्तीवर भाषण ठोकतात, अख्खा वर्ग उठून भरती होतो, आणि मग खंदकात एकेक जण संपत जातो. एका मित्राचे चांगले बूट एका पायातून दुसऱ्या पायात जात राहतात, माणसं मात्र टिकत नाहीत. नायक एका फ्रेंच सैनिकाला संगिनीने भोसकतो आणि रात्रभर त्याच खड्ड्यात त्याच्या शेजारी अडकून पडतो. शत्रूचा चेहरा इतक्या जवळून त्याआधी क्वचितच कुणी दाखवला असेल.

अमेरिकन कंपनीने जर्मन सैनिकाला नायक केलं, हीच मोठी हिंमत. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण डिसेंबर १९३० मध्ये तो बर्लिनमध्ये लागला तेव्हा गोबेल्सच्या नाझी टोळ्यांनी थिएटरात दुर्गंधीचे बॉम्ब फोडले आणि पांढरे उंदीर सोडले. काही दिवसांतच जर्मनीत चित्रपटावर बंदी आली. हिटलर अजून सत्तेवरही आला नव्हता. जी माणसं पुढचं युद्ध रचणार होती, त्यांना मागच्या युद्धाची थंडी कुणी दाखवलेली नको होती.

शेवटी नायक खंदकातून एका फुलपाखराकडे हात पुढे करतो आणि गोळी लागते. पडद्यावर दिसणारा तो हात खुद्द दिग्दर्शक माइलस्टोन यांचा आहे. आणि नायकाचं काम करणारे ल्यू आयर्स? दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र उचलायला नकार दिला. लोकांनी टीकेची झोड उठवली, पण पुढे ते पॅसिफिकच्या आघाडीवर वैद्यकीय सेवेत काम करत होते.

पूल आणि रूळ

आमच्या पिढीने इंग्रजी युद्धपट म्हणून सर्वांत जास्त वेळा पाहिला तो डेव्हिड लीन यांचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). शिटीवर वाजणारी ती कूच तर आमच्या शाळेच्या बँडनेही बसवली होती. जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल निकल्सन आधी तत्त्वासाठी छळ सोसतो आणि मग शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देण्याच्या नादी लागतो. आपल्या माणसांची शिस्त राहावी, मन रमावं, हा हेतू चांगला. पण काम चोख करण्याच्या अभिमानात ते काम कुणासाठी चाललंय हे तो विसरतो. ॲलेक गिनेस यांनी हे असं उभं केलं आहे की चित्रपट संपल्यावर माणूस स्वतःच्या नोकरीबद्दल विचार करू लागतो. चित्रीकरण झालं श्रीलंकेत, कितुलगाला इथे.

आता इतिहास. थायलंड ते ब्रह्मदेश हा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांनी १९४२-४३ मध्ये जेमतेम सव्वा वर्षात बांधून घेतला. त्यात १२ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी मेले. तिथले प्रत्यक्ष इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी हे निकल्सनच्या अगदी उलट. आपल्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी जपान्यांशी गोडीगुलाबीने वागायचं, आणि आतून कामात खोट काढायची, असं त्यांचं धोरण होतं. त्यांच्या हाताखालच्या कैद्यांना या चित्रपटाचा राग आला तो यासाठी.

त्याहून मोठी गोष्ट पडद्यावर जवळजवळ नाहीच. या मार्गावर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी अधिक आशियाई मजूर राबत होते: बर्मी, मलायी, जावानीज, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ. त्यांच्यातले अंदाजे ९० हजार लोक पटकीने, उपासमारीने, मारहाणीने गेले. त्यांच्यासोबत ना डॉक्टर होते, ना अधिकारी, ना रोजनिशी लिहिणारं कुणी. कैद्यांच्या थडग्यांवर नावं आहेत, मजुरांची बहुतेकांची गणतीसुद्धा नाही. चित्रपट म्हणून 'क्वाय' मला आजही आवडतो. पण तो पाहताना मी पोरांना एवढं नक्की सांगतो, की या जंगलात आणखी लाखाहून कितीतरी अधिक माणसं होती, ती कॅमेऱ्याच्या मागे राहिली.

'हकीकत' आणि 'बॉर्डर'

परत 'हकीकत'कडे येतो. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. अवघ्या महिन्याभरात देश हादरला. त्यानंतर दोनच वर्षांत चेतन आनंद लडाखला गेले आणि पराभवावर चित्रपट काढला. पराभवावर! जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या लवकर असं घडलं असेल. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद ही मंडळी, मदनमोहनांचं संगीत, कैफी आझमींची गीतं. चित्रपट कृष्णधवल आहे हे बरंच झालं. बर्फ आणि दगड, मध्ये ठिपक्याएवढी माणसं, आणि मागे येण्याचा हुकूम की तिथेच थांबण्याचा, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. पुरेसे गरम कपडे नाहीत, दारूगोळा नाही. आबांची थंडी ती हीच.

या चित्रपटाच्या मागे उभी आहे ती रेझांग ला इथली लढाई. १८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे, सोळा हजार फुटांहून उंचीवर, १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली शेवटपर्यंत झुंज दिली. मध्ये डोंगर आडवे असल्याने आपल्या तोफांचा त्यांना उपयोग नव्हता. सुमारे १२० पैकी ११४ जण पडले. जे थोडे परत आले त्यांच्या सांगण्यावर आधी विश्वाससुद्धा बसला नाही. पुढे फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फ ओसरू लागल्यावर देह सापडले, ते आपापल्या मोर्च्यात, कित्येकांच्या हातात शस्त्र तसंच. मेजर शैतानसिंगांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

'हकीकत'ने ही लढाई जशीच्या तशी दाखवलेली नाही. नावं, प्रसंग, प्रेमकथा काल्पनिक आहेत. तरी तो खरा वाटतो, कारण किंमत किती द्यावी लागली याबद्दल तो खोटं बोलत नाही.

त्याच्याशेजारी जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' (१९९७) ठेवून पाहा. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानात लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची कंपनी होती, सुमारे १२० जण. समोर चाळीसहून अधिक रणगाडे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत टिकून राहायचं होतं. पाकिस्तानी रणगाडे काटेरी तार पाहून थबकले. पुढे सुरुंग पेरले असतील या शंकेने त्यांचा मोलाचा वेळ गेला. सकाळी विमानं आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले गेले.

चित्रपटात आपले बरेच वीर धारातीर्थी पडतात, थिएटरात हुंदके ऐकू येतात. प्रत्यक्षात लोंगेवालाला आपले दोन जवान कामी आले. माझ्या मते खरी हकीगत सिनेमापेक्षा अधिक चित्तथरारक आहे. एका अधिकाऱ्याने माघार न घेण्याचा निर्णय घेतला, डोकं शांत ठेवलं, पहाटेपर्यंत वाट पाहिली, आणि जवळजवळ सगळी माणसं जिवंत परत आणली. आपल्याला मात्र मेलेला वीर जास्त आवडतो. 'बॉर्डर'मधलं मला काय पटतं? घरच्या पत्रांचं ते गाणं, आणि सूर्य उगवायची वाट पाहण्याची ती लांबच लांब रात्र. आबा असते तर म्हणाले असते, "वाट बघणं बरोबर दाखवलंय."

पडद्यावर नसलेले

आता माझं तिसरं माप. चित्रपट संपला की मी स्वतःला विचारतो, तिथे आणखी कोण होतं? ही सवय मला त्या उलट्या पडद्याने लावली असावी. मागून पाहणाऱ्याला आपण बाजूला बसलो आहोत हे विसरता येत नाही.

ख्रिस्तोफर नोलन यांचा 'डंकर्क' (२०१७) वाट बघण्यावरचा अप्रतिम चित्रपट आहे. १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक समुद्रमार्गे सोडवले गेले. पण त्या मोहिमेच्या फौजेत भारतीय सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्याही होत्या. मुंबईहून निघून डिसेंबर १९३९ मध्ये त्या मार्सेलला उतरल्या होत्या. बर्फात, चिखलात मोटारी अडल्या की सामान पोचवायचं काम त्यांच्याकडे. त्यांतली एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, बाकीच्या सुटल्या. चित्रपटात त्यांतलं कुणी दिसत नाही.

इटलीचं तसंच. तिथे भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. बॉम्बगोळा टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे लोळवले, आणि मग दडून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी पडले. वय २२. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी पाण्यातून, सुरुंगांतून जखमी सोबत्यांना पाठीवरून अलीकडे आणलं, पुन्हा जाऊन मशीनगनच्या तीन चौक्या निकालात काढल्या, आणि काठावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्यांना बोलावलं. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. पहिल्या महायुद्धात कूत अल अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि त्यातले कितीतरी जण तुर्कांच्या कैदेत संपले.

इटलीच्या युद्धातला भारतीय सैनिक मोठ्या पडद्यावर मला ठळक दिसला तो एकदाच, 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) मधला शीख सुरुंगतज्ज्ञ किप. मूळ कादंबरीत त्याला जेवढी जागा आहे, तेवढी चित्रपटात नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इंग्रज दिग्दर्शकाने आपल्या लोकांची गोष्ट सांगावी हे साहजिक आहे. आपल्या लोकांची गोष्ट सांगणं हे काम आपलं, आणि त्यात आपण कुठे कमी पडलो याचा पुरावा माझ्याच घरात आहे.

आबा वारल्यावर काही वर्षांनी आम्ही जुनं घर पाडून नवं बांधलं. माळ्यावर त्यांची लष्करी ट्रंक होती. आत कागद होते, पत्रं होती, इंग्रजीतलं एक छोटं पुस्तक होतं. बांधकामाच्या धांदलीत ट्रंक भंगारात गेली आणि कागद रद्दीत गेले. मी घरातच होतो. कुणी विचारलंही होतं, "यातलं काही ठेवायचं काय?" मी म्हणालो, "काय करायचंय आता."

उरला तो एक फोटो, पोथीत ठेवलेला म्हणून. बर्फात तिघे उभे आहेत, अंगावर जाड कोट, मागे पडकी भिंत. मधले आबा. मागच्या बाजूला पेन्सिलीने फक्त '१९४४' लिहिलं आहे. डावीकडचा कोण, उजवीकडचा कोण, ते परत आले का, हे सांगणारं आता कुणी नाही. त्यांच्या घरीही कदाचित याच फोटोची प्रत असेल, आणि तिथले लोक मधला माणूस कोण म्हणून विचारत असतील.

म्हणून मंडळाला आणि वाचकांना एक विनंती. यंदा किंवा पुढच्या वर्षी उत्सवात एक रात्र चांगला युद्धपट दाखवावा. 'हकीकत' दाखवला तरी चालेल, आजच्या मुलांनी तो पाहिलेला नसतो. सिनेमा संपल्यावर गावातल्या निवृत्त जवानांपैकी कुणाला तरी दहा मिनिटं बोलायला सांगावं. भाषण नको, फक्त यातलं खरं काय वाटलं तेवढं सांगावं. आणि ज्यांच्या घरी जुने फोटो, पत्रं, डिस्चार्ज बुकं असतील त्यांनी ती घेऊन यावीत. फोटोतल्या माणसांची नावं माहीत असणारे अजून कुणी असतील तर ती त्याच रात्री मागे लिहून घेऊ.

माझा फोटो मी आणणार आहे. घाडगे, पाटील, जाधव, सावंत, ज्यांच्या ज्यांच्या घरचं कुणी १९४४ साली इटलीत होतं, त्यांनी तो एकदा हातात घेऊन बघावा.